सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसाच्या एडीएचडीचा उपचार रखडलाय? तक्रार कशी आणि कुणाकडे करायची

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. ओपीडीच्या खिडकीपाशी तुम्ही कितीही तावातावाने बोललात तरी त्याची नोंद कुठेच होत नाही. उद्या वरून कुणी विचारलं की या पेशंटची काही तक्रार होती का, तर रेकॉर्डप्रमाणे उत्तर "नाही" असंच जाणार. म्हणून जे काय करायचं ते कागदावर, तारीख टाकून, आणि आवक-जावकचा शिक्का घेऊन. मी हे सगळं माझ्या धाकट्या भावासाठी केलंय, तो तिशीतला आहे, आणि त्याच्यासारखे कितीतरी लोक "पुढच्या महिन्यात या, मॅडम रजेवर आहेत, गोळी संपली" हे ऐकून ऐकून शेवटी जायचंच सोडून देतात, ते बघवत नाही म्हणून लिहायला बसले. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जड जाणारा विकार, तो असलेल्या माणसाला तारखा लक्षात ठेवणं, कागद सांभाळणं, पाठपुरावा करणं हेच जड जातं आणि तक्रारीला नेमकं तेच लागतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरातलं किंवा मित्रांपैकी एक माणूस सोबत घ्या, आणि तो फक्त नावाला नको, फाईल त्याच्याकडे राहिली पाहिजे.

आता तक्रार लिहायच्या आधी हे ठरवा की उशीर नेमका कुठे होतोय. "उपचार मिळत नाहीत" एवढंच लिहिलं की उत्तर येतं "रुग्णाने ओपीडीच्या वेळेत यावे" आणि विषय संपतो. साधारण चार-पाच ठिकाणी गाडी अडते. एक तर सायकियाट्रिस्टचं पदच रिकामं असतं किंवा ते आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात. दुसरं, डॉक्टर बघतात पण टेस्टिंगसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात आणि तिथली तारीख खूप पुढची मिळते, किंवा ती पोस्टच भरलेली नसते. तिसरं, "हे लहान मुलांचं असतं, तुम्हाला कसं होईल" म्हणून परत पाठवतात. चौथं, निदान झालंय, चिठ्ठी आहे, पण दवाखान्याच्या फार्मसीत औषध नाही. आणि पाचवं म्हणजे फुटबॉल, जिल्हा रुग्णालय म्हणतं मेंटल हॉस्पिटलला जा, ते म्हणतात तुमच्या जिल्ह्यातच दाखवा. यातलं तुमचं कुठलं आहे तेच पत्रात आलं पाहिजे, कारण प्रत्येकाचा जबाबदार माणूस वेगळा.

ते "लहान मुलांचं असतं" यावर थोडं बोलायलाच हवं कारण मोठ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. डीएसएम-५ हे अमेरिकेतल्या सायकियाट्रिस्टांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक २०१३ साली आलं, त्यात १७ वर्षं आणि त्यापुढच्या माणसासाठी वेगळी अट स्पष्ट दिलीये, मुलांना सहा लक्षणं लागतात तर मोठ्यांना पाच पुरतात, फक्त काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असायला हवीत. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्येही एडीएचडीला स्वतःचा कोड आहे, ६ए०५. तर डॉक्टरांनी तपासून "तुम्हाला हे नाही" म्हटलं तर तो त्यांचा वैद्यकीय निर्णय झाला, त्यावर दुसरं मत घेता येतं पण दिरंगाईची तक्रार होत नाही. मात्र वय बघूनच तपासायला नकार दिला तर ती सेवा नाकारणं आहे आणि त्याची तक्रार नक्की होते. हा फरक पत्रात नीट ठेवा. आणि जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मिळाली तर घेऊन जा, "हुशार आहे पण लक्ष नसते" असे शेरे असतात ना बाईंनी लिहिलेले, तोच तुमचा बाराव्या वर्षाआधीचा पुरावा, शिवाय आई-वडिलांपैकी कुणी आलं तर "माहिती देणारं कुणी नाही" म्हणून पुढची तारीख मिळणं टळतं.

कायदा कुठला? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७. हा देशभर लागू आहे, म्हणजे गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात दाखवणाऱ्यालाही हाच. यातली कलमं पाठ करायची गरज नाही पण तीन माहीत असू द्या. कलम १८ म्हणतं की सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि जिल्ह्यात किमान सेवाच नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने करायचा, म्हणून मधल्या काळात प्रायव्हेटला दाखवलंत तर प्रत्येक बिल जपून ठेवा. कलम २५ म्हणजे स्वतःचे मेडिकल रेकॉर्ड मिळवायचा हक्क. आणि कलम २८, हे आपलं मुख्य, सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करायचा हक्क, आणि ती कुणाकडे करायची तेही तिथेच लिहिलंय, आधी त्या दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण.

कुणी म्हणेल एडीएचडी "मानसिक आजार" या व्याख्येत बसतच नाही. कायद्यातली व्याख्या वाचा, विचार, मनःस्थिती, स्मरणशक्ती वगैरेंचा असा विकार की ज्यामुळे रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा पार पाडायची क्षमता गंभीरपणे बिघडते, असा तिचा अर्थ. आणि आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांनुसार, ज्यात आयसीडीचं नाव कायद्यातच घेतलंय. म्हणून पत्रात "लक्ष लागत नाही" असं हलकं लिहू नका. नोकरी गेली, गाडी चालवताना अपघात होता होता वाचला, लाईट बिल पैसे असून भरलं जात नाही आणि कनेक्शन तोडलं जातं, जे खरं असेल ते घडलं तसं लिहा. अतिशयोक्ती मात्र नको, एक वाक्य खोटं निघालं की सगळ्या पत्रावरचा विश्वास उडतो.

मग पत्र कुणाच्या नावाने? इथे लोक फसतात. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे आपण ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतो ते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही त्यांच्याच अखत्यारीत चालतो. पण बऱ्याच जिल्ह्यांत जुनं सिव्हिल हॉस्पिटल आता नव्या मेडिकल कॉलेजला जोडलं गेलंय, तिथे प्रमुख अधिष्ठाता म्हणजे डीन, आणि खातंसुद्धा वेगळं, वैद्यकीय शिक्षण. गेटवरचा बोर्ड नीट वाचा, तिथे "शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय" असेल तर पत्र डीनना. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं असतील तर तिथले वैद्यकीय अधीक्षक. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची, तिथे अधिष्ठाता. नागपूरचं एम्स केंद्राचं, त्याची तक्रार केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर जाते, राज्याच्या पोर्टलवर टाकून काही होत नाही. कारखान्यात कामाला असाल आणि ईएसआयसीचं म्हणजे कामगार विमा योजनेचं कार्ड असेल तर त्यांची स्वतःची तक्रार व्यवस्था आहे.

ओपीडीतल्या डॉक्टरांवर वैयक्तिक तक्रार शक्यतो करू नका. ते एकटे शंभर पेशंट बघत असतात, त्यांना मोकळं पद आणि संपलेलं औषध यांचा त्रास तुमच्याइतकाच होतो, आणि तुमचं पत्र पद भरा, औषध मागवा असं मागत असेल तर ते त्यांच्याही कामाचं असतं. गैरवर्तन झालं असेल, टिंगल केली असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे नाव-तारखेसकट वेगळं पत्र द्या, एकात दोन विषय घुसडू नका.

पत्राचा नमुना देते, यात तुमचं घाला आणि एका पानाच्या वर जाऊ देऊ नका:

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, (गाव)

विषय : प्रौढ एडीएचडीच्या तपासणीस/उपचारास होत असलेल्या विलंबाबाबत तक्रार, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, कलम १८ व २८ अन्वये.

महोदय/महोदया,
मी आपल्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात (तारीख) पासून उपचारासाठी येत आहे. केसपेपर क्रमांक (...). (तारीख) रोजी मला मानसशास्त्रीय चाचणीसाठी पाठवण्यात आले, परंतु आजपर्यंत चाचणी झालेली नाही. (तारीख) व (तारीख) रोजी आलो असता पद रिक्त असल्याचे तोंडी सांगण्यात आले. लेखी काहीही मिळालेले नाही. या विलंबामुळे माझ्या नोकरीवर पुढीलप्रमाणे परिणाम झाला आहे : (दोन ओळी).
माझी मागणी : १) चाचणीची निश्चित तारीख लेखी कळवावी. २) येथे चाचणी शक्य नसल्यास ज्या शासकीय रुग्णालयात ती होते तेथे लेखी संदर्भपत्र द्यावे. ३) या पत्रावर काय कार्यवाही केली ते मला लेखी कळवावे.
सोबत : केसपेपर व चिठ्ठ्यांच्या छायांकित प्रती.
आपला/आपली विश्वासू, (सही, तारीख, मोबाईल)

मागणी नंबर दोन सोडू नका, कारण "आमच्याकडे नाही" एवढं म्हणून हात झटकायची सोय तिथे बंद होते. औषधाचा प्रश्न असेल तर मागणी बदला, औषध मागवा, किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करून द्या. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत, तेव्हा बाहेरची चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी फाडून टाकू नका, तिचा फोटो जोडा.

औषधाचं अजून एक. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतलं आहे, त्याला दुकानदाराकडे वेगळं लायसन्स लागतं, चिठ्ठी दोन प्रतीत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो. म्हणून तालुक्याच्या गावात पैसे हातात घेऊन फिरलात तरी ते मिळत नाही. हे पत्रात जरूर लिहा, "बाहेरून घ्या" हा सल्ला तुमच्या बाबतीत का चालत नाही ते वरच्या साहेबांना अनेकदा माहीतच नसतं. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचंच दुसरं औषध शेड्यूल एक्समध्ये नाही, पण कोणतं चालेल हे डॉक्टरच ठरवणार, तक्रारीत ठरावीक गोळीच द्या असा हट्ट धरू नका, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध उपलब्ध करा एवढंच म्हणा.

पत्र द्यायला टपाल शाखेत जा, आवक-जावक लिहिलेल्या टेबलापाशी. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या, ती तुमची पोच. पाकिटावर "गोपनीय" लिहा. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर वाद न घालता बाहेर या आणि स्पीड पोस्टाने पाठवा, डिलिव्हरीचा ट्रॅकिंग रिपोर्ट प्रिंट करून ठेवला की तोही पुरावाच. घरी आल्या आल्या पोचेचा फोटो सोबतच्या माणसाला पाठवा आणि दोघांच्याही मोबाईलमध्ये पुढच्या तारखेचं रिमाइंडर लावा, हे उद्यावर टाकू नका.

भावाच्या, बहिणीच्या, नवऱ्याच्या वतीने तुम्ही करत असाल तर त्यांच्याकडून नामनिर्देशन लिहून घ्या. कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर चालतं, "मी अमुक, तमुक यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे", खाली सही. स्टॅम्प पेपर नको, वकील नको. हा कागद नसला की "तुम्ही कोण" इथेच अडतं, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न बरोबरच आहे, कुणाच्याही आजाराची माहिती कुणालाही द्यायची नसतेच.

उत्तर किती दिवसांत यायला हवं? महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा, सगळे त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्याप्रमाणे कुठलीही साधी फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि दुसऱ्या खात्याला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. हा कायदा तुमच्या उपचाराला नाही, तुमच्या तक्रारीच्या फाईलला लागतो, पण तेवढंही पुरतं. उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, दोन ओळींचं, जुना आवक नंबर टाकून, आणि या वेळी प्रत तुमच्या विभागाच्या आरोग्य सेवा उपसंचालकांना. मेडिकल कॉलेज असेल तर प्रत वैद्यकीय शिक्षण संचालनालयाला. राज्य सरकारच्या "आपले सरकार" पोर्टलवरही टाका, टोकन नंबर मिळतो, पण तिथे तुमचा मजकूर बऱ्याच हातांतून जातो म्हणून निदानाचे तपशील न लिहिता "मनोविकार विभागातील सेवेस विलंब, सविस्तर पत्र आवक क्र. अमुक" इतकंच लिहा. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात असतो, तोही रस्ता आहे, अर्ज आधी द्यावा लागतो. तिथे चारचौघांत बोलावं लागतं, ते ज्याला जमेल त्यानेच जावं.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र प्रत्येकाने करावा, माझ्या मते तक्रारीपेक्षा जास्त हालचाल कधीकधी यानेच होते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ऑनलाइनही होतं. यात स्वतःचा आजार अजिबात लिहू नका, गरजच नाही, माहिती का हवी ते सांगावं लागत नाही. आणि "पद का भरलं नाही" असं विचारू नका, "का"ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, रेकॉर्ड मागा. मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून. गेल्या बारा महिन्यांत मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन यांची मागणीपत्रं आणि स्टॉक रजिस्टरच्या प्रती. रुग्णालयाच्या औषध यादीत ही दोन औषधं आहेत का, त्या यादीची प्रत. माझ्या (तारीख) च्या पत्रावर काय कार्यवाही झाली, टिपणीसह, हे विचारायचं तर वेगळा अर्ज करा, कारण त्यात तुमचं नाव तुमच्या फाईलशी जोडलं जातं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. स्टॉक रजिस्टर हातात आलं की बोलणंच बदलतं, "औषध पुरवठा नियमित आहे" असं लेखी उत्तर आणि रजिस्टरमध्ये महिनोन्‌महिने शून्य, हे दोन कागद शेजारी ठेवले की वर पाठवायला वेगळं काही लिहावं लागत नाही.

हे दोन कागद घेऊन पुनर्विलोकन मंडळाकडे जायचं. जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांसाठी मिळून एक मंडळ असतं, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे किंवा निवृत्त, सोबत कलेक्टरांचा प्रतिनिधी, एक सायकियाट्रिस्ट, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य असे की जे स्वतः पेशंट राहिलेत किंवा पेशंटची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थेचे. फी नाही. अपवादात्मक परिस्थितीत तोंडी किंवा फोनवर केलेला अर्जही ते घेऊ शकतात. सुनावणी बंद खोलीत होते, तुमचं नाव पेपरात येईल ही भीती नको. ९० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा असं कायदा म्हणतो, आणि निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत हायकोर्टात अपील. तुमचा जिल्हा कुठल्या मंडळात येतो ते सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, प्राधिकरण जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००, आणि या कायद्याखालच्या हक्कांसाठी मोफत वकील मिळायची तरतूद कलम २७ मध्ये आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, फक्त घटनेला एक वर्ष व्हायच्या आत.

दोन रस्त्यांवर वेळ घालवू नका. ग्राहक आयोगात जाईन अशी धमकी लोक हमखास देतात, पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी दवाखाने ग्राहक कायद्यात येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यातच सांगून ठेवलंय. आणि दिव्यांग आयुक्तांकडे जायचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नावाने नाही.

हे सगळं चालू असताना माणूस खचत जातो हे मी जवळून बघितलंय. वाट बघण्याच्या काळात मन फार खाली गेलं, जीव नकोसा वाटायला लागला, तर तक्रारीचा, तारखेचा काही संबंध नाही, सरळ जवळच्या सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, मोफत आहे. तो नंबर आत्ताच सेव्ह करा.

शेवटचं, पाठपुरावा लागला की एक दिवस फोन येतो, "या, तुमचं काम करतो, तक्रार मागे घेतली असं लिहून द्या". या म्हणाले तर जरूर जा, आणि गोडीनेच बोला. पण चाचणीची तारीख लेखी हातात पडेपर्यंत किंवा औषध खिडकीवरून मिळेपर्यंत कशावरही सही करू नका, आणि सही करायची वेळ आलीच तर स्वतःच्या अक्षरात लिहा, "माझी चाचणी (तारीख) रोजी झाली, तेवढ्यापुरती तक्रार निकाली. रिक्त पद व औषध साठ्याबाबतची मागणी कायम आहे." आणि त्याचीही झेरॉक्स घेऊन शिक्का मारून आणा.